पाच वॅटवरचा डीएक्स नक्की कोणाचा?

पाचवॅट:
परवा हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या या गटात एका सदस्याने लिहिलं, "क्यूआरपीवाल्यांचा डीएक्स म्हणजे समोरच्याची अँटेना आणि समोरच्याचे कान. हे लोक नुसतं श्रेय घेतात." क्यूआरपी म्हणजे पाचेक वॅटच्या कमी शक्तीवर पाठवणं, डीएक्स म्हणजे लांबचा संपर्क. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

100 वॅटवरून 5 वर उतरलं की सिग्नल 13 डेसिबलने पडतो. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा एक टप्पा 6 डेसिबलचा. म्हणजे जिथे एस 7 पोचत होता तिथे एस 5 च्या जरा खाली पोचेल. वॅटचा आकडा वीसपट दिसतो म्हणून लोक हबकतात, पण फरक आहे दोन टप्प्यांचा. 20 मीटर बँडची तार 3 मीटर उंचीवरून 10 मीटरवर नेली तर कमी कोनात त्यातलं बरंचसं भरून निघतं.

2019 ची अखेर, सौरचक्राचा तळ, म्हणजे सूर्यावर डाग सगळ्यांत कमी. 10 आणि 15 मीटरचे बँड दिवसच्या दिवस मेलेले. 20 मीटरवर इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीसारखी तारेची अँटेना), 5 वॅट, सीडब्ल्यू म्हणजे मोर्स. प्रशांत महासागरातलं एक स्टेशन मी अकरा संध्याकाळी फक्त ऐकलं. सूर्यास्तानंतर कितव्या मिनिटाला वर येतं, क्यूएसबीची, म्हणजे सिग्नलच्या चढउताराची, लाट किती सेकंदांची, सगळं वहीत उतरवलं. बाराव्या दिवशी लाट चढताना एकदाच माझी कॉल साइन (स्टेशनची ओळख-अक्षरं) दिली आणि उत्तर आलं. त्याचे कान होतेच. पण ती अकरा दिवसांची वही कोणाची?

उंच_मनोरा:
ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. 13 डेसिबल बरोबर. पण समोरच्याकडचा गोंगाटच एस 6 असला तर? एस 7 वाला कळतो, एस 5 वाला बुडतो. तुमचे दोन टप्पे म्हणजे संपर्क होणं आणि न होणं यातलं अंतर आहे.

मी एका बेटावरच्या रेडिओ मोहिमेत पाइल-अपच्या, म्हणजे एकाच वेळी हाका मारणाऱ्यांच्या गर्दीच्या, पलीकडे बसलोय. रात्रीचे तीन, हेडफोनने कान दुखतायत. एक क्यूआरपीवाला कॉल साइनला '/क्यूआरपी' अशी पट्टी जोडून हाक मारत होता. शेवटची दोन अक्षरं मिळेनात. चार मिनिटं गेली. बाकीचे सगळे खोळंबले, आणि थोड्या वेळात तो मार्गच बंद झाला. नंतर त्याने हजारो किलोमीटर भागिले वॅट असा हिशोब मिरवला. माझी चार मिनिटं आणि मागे राहिलेली माणसं त्या हिशोबात कुठे होती?

डिसेंबर 1921 आठवा. अमेरिकन हौशींचे सिग्नल अटलांटिकपार पोचले, तेव्हा स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसनला तंबूत थंडीपावसात बसून ऐकणारा पॉल गॉडली होता. पाठवणारं 1बीसीजी स्टेशन सगळ्यांना माहीत आहे, पण गॉडलीने ऐकलं नसतं तर ते हवेतच विरलं असतं.

चावीवाला:
मनोरासाहेब, तुम्ही एसएसबीचा, म्हणजे आवाजी संपर्काचा, अनुभव सीडब्ल्यूवर लादताय. 2.5 किलोहर्ट्झचा फिल्टर 250 हर्ट्झवर आणा, गोंगाट 10 डेसिबलने खाली जातो. गेलेल्या 13 पैकी 10 तिथेच परत मिळाले.

खरं दुखणं वेगळं आहे. पाच वॅटच्या मोठ्या बाता आता एफटी8 या संगणकी पद्धतीच्या जोरावर चालतात. गोंगाटाच्या तुलनेत उणे 20 डेसिबलला डिकोड होतं, जिथे सरावलेला कानसुद्धा उणे 15 च्या आसपास हात टेकतो. एक टिचकी मारली की पुढचे संदेश संगणक आपोआप पाठवतो. दोन यंत्रं बोलली, माणसाने काय केलं? याला मी संपर्क मानत नाही.

बाल्कनीची_तार:
मूळ प्रश्न बाजूला राहिला तरी चालेल, पण याला उत्तर देणारच.

माझ्याकडे बाल्कनीतून सोडलेली एक तार आहे आणि शेजारच्या इन्व्हर्टरचा दिवसभर एस 8 गोंगाट. तुमचा 250 हर्ट्झचा फिल्टर घेऊन तिथे बसा आणि काय ऐकू येतं ते सांगा. मला मोर्स येत नाही. 2003 च्या जागतिक रेडिओ परिषदेपासून ती आंतरराष्ट्रीय सक्तीही नाही. तरी दर वेळी मला दारातच का अडवलं जातं?

आणि यंत्राने केलं म्हणता, तर ते यंत्र कोणी घडवलं? जो टेलर, 1993 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी, स्वतः हॅम. त्यांच्या डब्ल्यूएसपीआरवर, म्हणजे क्षीण सिग्नल कुठवर पोचतो ते नोंदवणाऱ्या पद्धतीवर, मी महिनाभर 200 मिलिवॅट सोडले. एकेक संदेश जवळपास दोन मिनिटांचा. कोणता मार्ग किती वाजता उघडतो ते त्या नोंदींतून शिकले आणि मगच हाक मारली. पाचवॅट यांची वही ती वही आणि माझी वही नाही?

चावीवाला:
तुम्ही आवाज चढवून विषय फिरवताय. डब्ल्यूएसपीआरबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. बत्तीस वर्षं मोर्सची चावी हाताळतोय. अंधारात समोरच्याचा हात ओळखू येतो, दमलाय की घाईत आहे ते कळतं. ते संपत चाललंय याचा मला त्रास होतो. तुम्हाला कमी लेखायचं नव्हतं.

बाल्कनीची_तार:
मग त्रास होतो असं लिहा. 'संपर्क मानत नाही' लिहिलंत की माझ्या लॉगमधली प्रत्येक ओळ तुम्ही खोडता.

चावीवाला:
तो शब्द जास्त झाला. संपर्क आहे. माझ्या प्रकारचा नाही, एवढंच धरून आहे.

पाचवॅट:
ताईंच्या दोन मिनिटांवरून एक गोष्ट लख्ख दिसली. शक्ती कमी केली की ती वेळाने भरावी लागते. डब्ल्यूएसपीआरमध्ये तो वेळ आधीच ठरलेला असतो. एफटी8 मध्ये 15 सेकंदांची खिडकी, आणि तिच्यात बाकीचेही एकाच वेळी डिकोड होतात, कोणी खोळंबत नाही. सीडब्ल्यूच्या पाइल-अपमध्ये मात्र तो वेळ मी समोरच्याच्या खिशातून काढतो. मनोरासाहेबांची चार मिनिटं मला मान्य आहेत.

पण म्हणून क्यूआरपी फुकटी ठरत नाही. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) रेडिओ नियमांतच गरजेपुरतीच शक्ती वापरा असं आहे. बँड उघडा असताना एक किलोवॅट ओतून आजूबाजूच्या चार किलोहर्ट्झवर शिंतोडे उडवणाऱ्याने किती जणांचा वेळ खाल्ला, तो हिशोब कोण मांडणार?

उंच_मनोरा:
शिंतोडे उडतात ते अँप्लिफायर नीट न लावल्याने, शक्तीने नव्हे. तरी असे लोक आहेत, हे मी नाकारत नाही.

श्रेय अर्धं-अर्धं, इथपर्यंत येतो. पुढे नाही. आणि मोहिमेच्या पहिल्या दोन दिवसांत क्यूआरपीवाल्यांनी फक्त ऐकावं, गर्दी ओसरल्यावर यावं, हा आग्रह कायम. तेव्हा मी स्वतः कान ताणून बसतो.

पाचवॅट:
मी तसंच करतो. '/क्यूआरपी' अशी पट्टीही लावत नाही, तिने कॉल साइन उगाच लांबते. माझी तक्रार उलट दिशेची आहे. त्या प्रशांतवाल्याने माझी कॉल साइन तीनदा विचारली आणि शेवटी रिपोर्ट दिला 599, म्हणजे पैकीच्या पैकी. वहीत तो आकडा लिहिताना वाईट वाटलं. मला खरं काय पोचलं ते हवं होतं.

उंच_मनोरा:
रविवारी 1100 युटीसी, 14.060 मेगाहर्ट्झ. यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) तुमच्याकडे वळवून ठेवतो. आलात तर जे पोचेल तेच देईन, 339 असलं तर 339.