‘पोलिसांना फ्री हँड द्या’ म्हणणाऱ्यांनो, आहे तो हात कमी पडतोय का?

गिरणाकाठ
पोलिसांनी एका आरोपीला दोरी बांधून बाजारातून फिरवलं, काल त्या धिंडीच्या व्हिडिओखाली ‘सातपुड्याचा वाघ’ यांनी लिहिलंय: “पोलिसांवर केस करायची सोयच बंद करा. फ्री हँड द्या. खान्देश सहा महिन्यांत सरळ होतो.” खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे उत्तर दिलं असतं तर गाडलं गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

भाऊ, सोय बंद करायला ती आधी असावी लागते. ड्युटीवर केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर खटला चालवायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, ते कलम १९७ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) २१८. म्हणजे ज्याच्या हुकमावर लाठी चालली त्यालाच विचारायचं, “साहेब, तुमच्या माणसावर केस चालवू का?” जमाव पांगवताना काही झालं तर त्याच संहितेच्या कलम १५१ चं वेगळं कवच. वर महाराष्ट्र पोलीस कायद्यात सद्भावनेचं कलम (चांगल्या हेतूनं केलं म्हटलं की संरक्षण), आणि पोलिसाविरुद्ध खटला टाकायची मुदतही तोकडी. एवढी चिलखतं अंगावर असताना अजून कसला फ्री हँड हवाय?

आणि धिंडीबद्दल. आरोपीला दोरी बांधून बाजारपेठेतून फिरवणं कुठल्या कायद्यात बसतं ते दाखवा. नुसत्या बेड्या ठोकायलासुद्धा कारण लिहून ठेवावं लागतं, हे सुप्रीम कोर्टानं १९८० सालीच प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सांगितलं. नव्या कायद्यानं काही गुन्ह्यांत बेड्यांना मोकळीक दिली, धिंडीला नाही. त्या व्हिडिओत पाठीवर दप्तर असलेला एक पोरगा मोबाईल उंच धरून पुढे पळतोय आणि हवालदार गर्दी बाजूला सारून त्याला जागा करून देतोय. ते बघून माझं डोकं फिरलं.

सातपुड्याचा वाघ
आलं का ज्ञानामृत! कलमं पाठ आहेत, छान. आता जमिनीवर या.

१ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री. व्हॉट्सॲपवरच्या अफवेपायी पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. आपल्याच धुळे जिल्ह्यात. तिथे एखाद्या फौजदारानं गोळी झाडून दोन जण पाडले असते तर पाच वाचले असते. मग तुम्हीच धागा काढला असता, “निष्पाप आदिवासींवर गोळीबार, फौजदाराला अटक करा!” पोलिसाच्या हातात बंदूक असते आणि डोक्यात चौकशी. म्हणून तो हात आखडतो आणि गुंड माजतो. ज्याला चोर सोडवायचे असतात त्यालाच पोलिसांचे हात बांधायचे असतात.

गिरणाकाठ
राईनपाड्याचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूनं दिलंत. जीव वाचवायला गोळी झाडणाऱ्याला कायदा आजही वाचवतो. मी बोलतोय तो माणूस हातात सापडल्यानंतरचं. दोरीनं बांधलेला माणूस कोणाच्या जिवावर उठलेला असतो?

आणि शेवटचं वाक्य मागे घ्या. मी कोणाला सोडवायला आलेलो नाही.

खाकीची लेक
दोघांनाही एक सांगते. माझे वडील हवालदार म्हणून रिटायर झाले. विसर्जनाचा बंदोबस्त, लगेच नवरात्र, मग निवडणूक, मग सारंगखेड्याची यात्रा. तापीकाठच्या डिसेंबरच्या थंडीत रात्रभर उभे. घरी आले की बूट निघायचे नाहीत, आई कोमट पाण्यात पाय बुडवायला लावायची तेव्हा मोजे सुटायचे, कातडीसकट. क्वार्टरच्या भिंतीला बुरशी. दगडफेकीत भुवईवर टाके पडले तेव्हा यातला एकही मानवाधिकारवाला आमच्या दारात आला नव्हता.

तुम्हाला सगळ्यांना पोलीस म्हणजे पिक्चरमधला सिंघम नाहीतर व्हिलन. मधला माणूस दिसतच नाही.

तापीकाठ
ताई, वडिलांना नमस्कार. पण थकलेल्या माणसानं कोठडीत कोणाला बडवलं तर मार कमी लागतो का?

खाकीची लेक
हे असलं खोचक बोलता येतं कारण तुम्ही रात्री घरी झोपता.

कोर्टकचेरी_धुळे
वकील आहे, थोडं दुरुस्त करतो. दोन्हीकडून गोंधळ चाललाय.

गुन्हा नोंदवायला परवानगी लागत नाही. परवानगी लागते कोर्टानं दखल घ्यायच्या, म्हणजे खटला पुढे चालवायला घ्यायच्या वेळी. नव्या २१८ मध्ये सरकारला १२० दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. ही सुधारणा आहे, गिरणाकाठ यांनी ती सोयीस्कर गाळली. पण त्याच कायद्यात १७५(४) पण आलंय: सरकारी नोकराविरुद्ध तक्रार आली तर मॅजिस्ट्रेटनं तपासाचा आदेश देण्याआधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवायचा आणि त्या नोकराचं म्हणणं विचारात घ्यायचं. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं.

हातघाईत बळ जरा जास्त वापरलं गेलं तरी, कृत्याचा ड्युटीशी संबंध असेल तर संरक्षण लागू, हेही सुप्रीम कोर्टानंच २०२० मध्ये देवराजा खटल्यात सांगितलंय. उलट बनावट चकमक म्हणजे ड्युटी नव्हे, हेही त्याच कोर्टाचं.

आता लेकीसाठी. मूळ कलमाचं कवच त्यालाच, ज्याला नोकरीवरून काढायला सरकारची मंजुरी लागते. शिपाई-हवालदाराला एसपी घरी बसवू शकतो, म्हणून तो आपोआप त्यात बसत नाही. सुव्यवस्था राखणाऱ्या पोलिसांना राज्य सरकार अधिसूचना काढून ते लागू करू शकतं, तेवढंच. कवचाचं माप खांद्यावरच्या पट्ट्यांनी ठरतं.

केळीबाग_रावेर
वकीलसाहेब, तुम्ही आहातच तर विचारतो. एप्रिलमध्ये माझ्या विहिरीवरची केबल कापून नेली. केळीची बाग निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळी, डोक्यावर ४४ डिग्री. सकाळी जाऊन बघतो तर स्टार्टरची पेटी उघडी आणि बांधापलीकडे जळक्या रबराची काळी राख. तिथेच बसून तांबं काढलं हरामखोरांनी, बिड्यांची थोटकं टाकून. ठाण्यात गेलो तर म्हणे, “अर्ज देऊन जा.” गुन्हा नाही, अर्ज! याला काय म्हणायचं, फ्री हँड की लुळा हँड?

भरीत_भाकरी
+१ केबलला. आमच्या यावल शिवारात एका रात्रीत ओळीनं सगळ्या विहिरी साफ.

तापीकाठ
तांबं जातं कुठे? भंगारवाल्याकडे. भंगारवाला माहीत कोणाला? सगळ्या गावाला. फक्त ठाण्याला माहीत नाही. तीच गत वाळूची. गिरणेतून रात्रभर डंपर चालतात, आवाजानं झोप लागत नाही, आणि सकाळी पंचनाम्यात ‘अज्ञात वाहन’.

सातपुड्याचा वाघ
वाळू महसूलची. तलाठी-तहसीलदाराला विचारा. सगळं पोलिसांच्या माथी मारू नका.

भरीत_भाकरी
वा! डंपर पकडायचा आला की महसूल, हप्ता घ्यायचा आला की...? असो. माझं कापसाचं पोतं पण गेलंय, ते कोणत्या खात्याचं?

गिरणाकाठ
मंडळी, धागा पोलिसांच्या उत्तरदायित्वावर आहे. केबलचा वेगळा काढा ना.

केळीबाग_रावेर
वेगळा कशाला? तुमच्या चर्चेतला आरोपी कधीतरी पोलिसाच्या हाताला लागतो तरी. आमचा चोर लागतच नाही. आमच्यासाठी उत्तरदायित्व म्हणजे हेच, जिभाऊ. तुमनं चालू द्या, पन मन्ही केबल कोन देई?

टेक्सासकर_अमळनेरचा
इथे अमेरिकेत ‘क्वालिफाईड इम्युनिटी’वरून, म्हणजे पोलिसांना दाव्यांपासून मिळणाऱ्या कवचावरून, रान पेटलंय. २०२० मध्ये मिनियापोलिसला पोलिसानं गळ्यावर गुडघा दाबून माणूस मारला तेव्हापासून. सिस्टीम सगळीकडे सारखीच.

कोर्टकचेरी_धुळे
सारखी नाही. तिथलं ते कवच नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यापुरतं. फौजदारी खटल्याला सरकारची परवानगी नकोच; त्या पोलिसाला खुनाबद्दल साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे उलटं. भरपाई मिळते, १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालापासून कोर्टं ती द्यायला लावतात, पण जाते सरकारी तिजोरीतून, म्हणजे केळीबाग यांच्या आणि माझ्या खिशातून. मारणाऱ्याचा पगार सहसा सुखरूप. कोलोराडो राज्यानं २०२० मध्ये कायदा केला: पोलिसानं सद्भावनेनं वागलं नाही असं ठरलं तर भरपाईचे पाच टक्के किंवा २५,००० डॉलर, जे कमी असेल ते, त्याच्या खिशातून. असं इथे करा म्हटलं तर वाघ काय म्हणतील?

सातपुड्याचा वाघ
म्हणेन की आधी कोलोराडोसारखा पगार द्या. आणि परदेशात बसून गावच्या पोलिसाला शिकवणाऱ्यांनी एक गणपती बंदोबस्त करून दाखवावा.

टेक्सासकर_अमळनेरचा
मी फक्त माहिती दिली. इनो घ्या.

गिरणाकाठ
वाघ, ६ जानेवारी २०१३ आठवतं? धुळ्याचा माच्छीबाजार. हॉटेलच्या बिलावरून भांडण, त्याची दंगल, आणि पोलीस गोळीबारात सहा जण गेले. पोलीसही जखमी झाले, ते नाकारत नाही. पण मोबाईलच्या क्लिपांत खाकीतली माणसं मोडतोड करताना दिसली आणि त्यातल्या काहींना नंतर अटक झाली. क्लिप नसत्या तर? सगळं ‘सद्भावनेनं’च झालं असतं.

परभणीचं बघा. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत तरुण गेला. पोस्टमॉर्टममध्ये अनेक जखमा. गुन्हा नोंदवा हे औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये सांगावं लागलं, आणि त्याविरुद्धही सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे हरलं ती गोष्ट वेगळी. मेलेल्याच्या आईनं सात महिने दारोदार फिरायचं, आणि तुम्ही म्हणता केस करायची सोय बंद करा.

सातपुड्याचा वाघ
एक परभणी, एक धुळे. आणि रोज हजारो पोलीस नीट काम करतात त्यांचं काय? माझ्या मेव्हण्याच्या दुकानात खंडणी मागायला पोरं यायची, कोयते दाखवून. कोर्ट, जामीन, तारीख, पुन्हा तेच. एका पीआयनं आणून चौकात उठाबशा काढायला लावल्या, त्या दिवसापासून बंद. बेकायदेशीर? असेल. माझी बहीण रात्री झोपायला लागली. तुमच्या १९८० च्या निकालानं तिला झोप लागली नव्हती.

तापीकाठ
आणि माझा भाचा? मोटरसायकल चोरीच्या संशयावरून उचलला, नाव सारखं होतं एवढ्यावर. दोन रात्री. पायाच्या तळव्यांवर पट्टे. चालता येईना म्हणून गुडघ्यांवर संडासला जायचा. सोडताना म्हणाले, “गैरसमज झाला, चहा घे.” कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं तर कॅमेरा बंद. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे लावा, रेकॉर्डिंग दीड वर्ष ठेवा म्हणून सांगितलंय. नेमका त्या दोन रात्री बंद. तुमच्या मेव्हण्याचा पीआय आणि माझ्या भाच्याचा पीआय एकाच कारखान्यात तयार होतात, वाघ. कुठला वाट्याला येईल ते नशीब.

सातपुड्याचा वाघ
भाच्याचं वाईट झालं. पण रडगाणं लावून...

खाकीची लेक
वाघभाऊ, “पण” नको. तळव्यांवर मारलेलं रडगाणं नसतं. आणि तुम्ही आमची बाजू घेताय असं मला वाटत नाही, तुम्ही आम्हाला पुढे करताय.

मघाशी अर्धंच सांगितलं. वडिलांच्या नोकरीत एका लाठीमाराचा व्हिडिओ बाहेर आला. “चालवा” म्हणणारे साहेब जीपमध्ये होते. निलंबित झाले माझे वडील आणि आणखी दोघं. अर्ध्या पगारावर घर चाललं, माझी फी मामानं भरली. साहेबांची बदली झाली, तीही चांगल्या जागी. स्टेशन डायरीत तोंडी हुकमाची नोंद नव्हती. लेखी हुकूम मागणारा शिपाई दुसऱ्या दिवशी कंट्रोल रूमला बसतो. तेव्हा फ्री हँड कोणाला द्यायचाय ते आधी ठरवा. वकीलसाहेब म्हणतात ते पट्ट्यांचं गणित आमच्या घरानं भोगलंय.

तरी गिरणाकाठ, तुम्ही हवालदाराचा तो जागा करून देणारा हात बघितलात, जीपमध्ये कोण बसलं होतं ते नाही बघितलं.

गिरणाकाठ
व्हिडिओत जीप दिसत नव्हती.

खाकीची लेक
कधीच दिसत नाही.

कोर्टकचेरी_धुळे
पोलीस सुधारणांवरचा सुप्रीम कोर्टाचा प्रकाशसिंग निकाल, २००६. त्यात पोलीस तक्रार प्राधिकरण सांगितलं होतं, जिल्हा पातळीवरसुद्धा. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायद्यात सुधारणा करताना ते राज्य आणि विभाग पातळीवर ठेवलं. आपला विभाग नाशिक. अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या माणसानं तिथवर तक्रार न्यायची आणि पाठपुरावाही करायचा. त्याच निकालात बदल्यांच्या मनमानीला लगाम घालायचंही होतं, म्हणजे साहेबानं पुढाऱ्याचा फोन नाकारायची हिंमत करावी. त्यावर दोन्ही गट गप्प का, ते बघा.

सातपुड्याचा वाघ
बरं बाबा. साहेबांवर केस करा, शिपायाला सोडा, पुढाऱ्याचा फोन टॅप करा, गुंडाला बिर्याणी द्या. खूश? बदल्यांचं मात्र खरंय, तेवढं मान्य. बाकी माझं मत तेच, धिंड काढलीच पाहिजे.

गिरणाकाठ
तेवढं मान्य केलंत हेही आमचं भाग्य.

भरीत_भाकरी
केबलवाल्यांनी ॲल्युमिनियमची टाका. कोणी हात लावत नाही, भंगारात भाव नाही.

केळीबाग_रावेर
मोटार गरम होते भो त्यानं, लांबच्या विहिरीला चालत नाही. वकीलसाहेब, माझं राहिलं. गुन्हा नोंदवत नसतील तर?

कोर्टकचेरी_धुळे
चोरी दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता पोलिसांनी तपास करायचा गुन्हा. केबल ५,००० च्या आतली असती तर पहिल्याच चोरीला वेगळा नियम होता, तुमची तेवढी स्वस्त नसणार. बिल जोडा. ललिता कुमारी, २०१३: दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घ्यावाच लागतो. नाही घेतला तर बीएनएसएसच्या १७३(४) खाली तीच माहिती लेखी, पोस्टानं एसपींना पाठवा. तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट.

केळीबाग_रावेर
पाठवतो. पोच मिळेल ना?

कोर्टकचेरी_धुळे
पोस्टाची मिळेल.