समाधान आतूनच येतं. पटतंय का?

मुकाट:
गेल्या महिन्यात इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलो. पहाटे चारला घंटा, मोबाईल जमा, तोंडाला कुलूप. पहिले तीन दिवस नुसता नाकपुडीपाशी श्वास बघायचा. मग खरं सुरू होतं. तास-तासभर न हलता बसायचं. सहाव्या दिवशी उजवा गुडघा असा पेटला की वाटलं, उठावं आणि सरळ स्टेशन गाठावं. बसून राहिलो. पाऊण तासाने लक्षात आलं की दुखणं गुडघ्याचं, पण 'हे आत्ताच्या आत्ता थांबलं पाहिजे' ही तडफड माझी. ती गेली. गुडघा दुखतच राहिला.

घरी आल्यावर भावाला फोन केला. गावची जमीन विकताना मला विचारलं नाही म्हणून सहा वर्षं बोलत नव्हतो. त्याने माफी मागितली नाही, आणि मला ती हवी होती हेही त्या दिवशी आठवलं नाही.

म्हणून म्हणतो, परिस्थिती बदलून कोणी सुखी होत नाही. लॉटरी लागलेले आणि अपघातात पांगळे झालेले लोक वर्षभरात सारखेच सुखी होतात, असं संशोधनही आहे. तुकोबा कधीच सांगून गेलेत: ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान.

तिसरा मजला:
चारला मीही उठते हो. आमच्याकडे पाणी तेव्हाच येतं. तेव्हा मौनच असतं, कारण बाकीचे झोपलेले असतात. याला कोणी साधना म्हणत नाही.

तुमच्या त्या दहा दिवसांत ताट आयतं मिळालं ना? सेवेकऱ्यांनी रांधलेलं? मग गुडघा हा एकच प्रश्न उरतो. माझ्या सासूबाईंना बिछान्यात पडून चौथं वर्ष आहे. 'समाधान मानून घे गं' हे मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यातल्या एकानेही 'आज रात्री मी बसतो, तू झोप' म्हटलं नाही.

आकडेमोड्या:
धागाकर्ते, तो लॉटरीचा अभ्यास व्हॉट्सॲपवर फिरून फिरून पार झिजलाय. मूळ अभ्यास 1978 चा, अमेरिकेतला. लॉटरी जिंकलेले 22, अपघातात पंगू झालेले 29. जिंकलेले लोक इतरांपेक्षा फारसे जास्त सुखी निघाले नाहीत, इथवर बरोबर. पण अपघातवाले सारखेच सुखी? नाही. ते इतरांपेक्षा कमीच सुखी होते, फक्त वाटलं होतं तितके दुःखी नव्हते. 'सारखेच' आणि 'वाटलं त्यापेक्षा बरे' यात किती अंतर आहे ते व्हीलचेअरवरच्या माणसाला विचारा. शिवाय त्याच लोकांची नंतर पुन्हा मोजणी केलेली नव्हती, त्यामुळे 'वर्षभरात होतात' हेही त्यातून निघत नाही.

मुकाट:
@आकडेमोड्या, मान्य. ऐकीव होतं, तपासायला हवं होतं. @तिसरा मजला, ताई, तुमच्याबद्दल बोललो नव्हतो.

तिसरा मजला:
तेच तर. 'कोणी सुखी होत नाही' म्हणालात, त्यात मी आलेच की.

माळकरी:
सगळे तुकोबांवर का घसरताय? (एकच जण घसरलाय, पण वाक्य तर साऱ्यांच्या तोंडी असतं.) देहूचा हा वाणी म्हणजे खाऊन-पिऊन तृप्त माणूस नव्हता. 1630 च्या दुष्काळात दुकान बसलं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. आणि त्यानंतर काय केलं? लोकांकडच्या येण्याची कर्जखतं भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. 'तुम्ही समाधान माना, मी व्याज मोजतो' असं नाही म्हणाले. आपलं येणं सोडून मग समाधान सांगणारा माणूस आहे हा. ते वचन स्वतःला लावायचं असतं, सुनेला किंवा मजुराला नाही. एवढं पाळलं तर माझा धागाकर्त्यांना पूर्ण पाठिंबा.

आकडेमोड्या:
माळकरी, हे पटलं. पण मग त्यातून 'परिस्थिती बदलून उपयोग नाही' कसं निघतं? खतं बुडाल्यावर कुळांची परिस्थितीच बदलली ना.

माळकरी:
बदलली. आणि ती बुडवायला आधी आतून काहीतरी सुटावं लागलं. आता कोंबडी आधी का अंडं, ते तुम्हीच ठरवा.

गोळीवाला:
वेगळा मुद्दा. मी डिप्रेशनच्या गोळ्या घेतो, दोन वर्षं झाली. त्याआधी वर्षभर 'आत बघ' याच सल्ल्यावर काढलं. आत बघितलं की अजून अंधार, मग त्याबद्दल अपराधी वाटायचं की आपल्याला साधं समाधानही जमत नाही. विपश्यनेच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात, आणि विचारतात ते बरोबरच आहे. माझं समाधान सध्या सकाळच्या अर्ध्या गोळीतून येतं. बाहेरूनच, पाण्याबरोबर. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416. कोणाला लागली तर राहू दे इथे.

मुकाट:
गोळीवाले, बरं केलंत लिहिलंत. शीर्षकातला 'च' काढायचा प्रयत्न केला, संपादन बंद झालंय. गुडघ्याचं मात्र मागे घेत नाही. ते माझ्याबाबतीत घडलंय, आणि भावाचा फोन आता दर रविवारी येतो.

@तिसरा मजला, रात्रीची आया मिळते का तुमच्या भागात? आमच्या आईसाठी ठेवली होती, आठवड्यातून दोन रात्री. खर्च तिघा भावंडांत वाटला होता.

तिसरा मजला:
मिळते. आमच्याकडे भावंडं चार आहेत आणि वाटून घेणारी मी एकटी. पण आकडा सांगा, घरच्या ग्रुपवर टाकते. बघू कोणाच्या आतून काय येतं. चला, नळाची वेळ झाली.