फुटनोटच्या टॅगला ‘तळटीप’ म्हणावं का नुस्तं ‘टीप’? – शब्दचर्चा

लातूर
मंडळी, एक शब्द अडलाय. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचं एक पुस्तक छापायला आणि ई-बुकला एकाच फायलीतून काढायचं म्हणून आम्ही सगळा मजकूर डॉकबुकमध्ये (एक्सएमएल या टॅग-भाषेतली पुस्तकांसाठीची मांडणी) टॅग, म्हणजे कोणता मजकूर काय हाय ते सांगणाऱ्या खुणा, लावून ठेवूलालोत, आणि टॅग लावणाऱ्या पोरांसाठी मी मराठीत एक सूचनापत्रक लिहूलालो. त्यात ‘फुटनोट’ या टॅगला काय लिहू? तळटीप लिहिलं तर एका पोरानं लगेच विचारलं, “सर, तळ कुठाय हितं? टीप तर वाक्याच्या मधीच टाकायलाव की आपण.” पादटीप, पदटीप, तळटीप, टिप्पणी असे चार शब्द हाती हायत. कोणता धरू?

नांदेड
तळटीपच धरा. पादटीप हिंदीच्या वळणाचा वाटतो, पदटीप म्हणलं की भजनातलं पद आठवतं. अनेकवचन मात्र तळटिपा लिहा, तळटीपा नाही, वीट-विटा होतं तसंच, आणि तळटिपेत, तळटिपेचा. टिप्पणी हा शब्द हितं वापरूच नका, कारण एक्सएमएलमध्ये कमेंट नावाची वेगळीच चीज असते, टॅग लावणारा स्वतःसाठी किंवा पुढच्यासाठी लिहून ठेवतो आणि छपाईत ती येतच नाही, तिला टिप्पणी म्हणायचं राखून ठेवा. नायतर कुणीतरी लेखकाची टीपच कमेंटमध्ये टाकंल आणि पुस्तकातून ती गायब.

अंबाजोगाई
त्या पोराचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, मुद्द्याचं बोललाय. तळ हा पानाचा असतो आणि मार्कअपला, म्हणजे टॅग लावलेल्या मजकुराला, पान म्हणजे काय तेच माहीत नसतं. डॉकबुकात फुटनोटचा टॅग जिथं खूण यायची तिथंच, चालू वाक्यात उघडायचा, त्याच्या पोटात पॅराचा टॅग, त्यात टिपेचा मजकूर, आणि बंद करून वाक्य पुढं चालू. आकडा आपण टाकायचाच नाही, तो नंतर स्टाइलशीट, म्हणजे मजकूर कसा दिसावा ते ठरवणारी फाइल, मोजून घालतं. मग छपाईत ती टीप पानाच्या तळाला जाईल, ई-बुकात पानच पक्कं नसल्यामुळं प्रकरणाच्या शेवटी जाईल नायतर बोट लावलं की चौकटीत उघडंल. म्हणजे तळटीप ही टिपेची एक जागा झाली, टिपेचं नाव नाही. जुन्या ग्रंथांसाठी १९८७ पासून चालू असलेल्या टीईआय या टॅगपद्धतीवाल्यांनी हे नीट ओळखलं, त्यांच्यात टॅगचं नाव नुस्तं ‘नोट’ आणि जागा टॅगाच्या आत लिहायच्या वेगळ्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये सांगायची, तळाला का समासात का शेवटी. म्हणून माझं मत, टॅगला ‘टीप’ म्हणा आणि छापून आल्यावर जी दिसते तिला ‘तळटीप’.

तसं बघितलं तर आपल्या पोथ्यांत तळटीप नव्हतीच. सुटलेलं अक्षर हंसपदाची खूण करून समासात लिहायचे, आणि त्रिपाठ पोथीत मूळ मधी, टीका वर आणि खाली. तळाला रेघ मारून बारीक टायपात टीप, ही छापखान्याची सवय.

दुसरं म्हणजे आपण एका शब्दात दोन गोष्टी कोंबतो. “तळटीप टाक” म्हणलं की पोरगं आकडा टाकंल का मजकूर? पत्रकात ‘टीपखूण’ आणि ‘टिपेचा मजकूर’ असं वेगळं लिहा. डॉकबुकात ते एकाच टॅगमध्ये निभतं, पण शोधनिबंधांच्या जॅट्स नावाच्या टॅगपद्धतीत खुणेचा टॅग वेगळा, मजकुराचा वेगळा आणि दोघांना आयडीनं बांधलेलं असतं. वेबपानांच्या एचटीएमएलला तर फुटनोटचा टॅगच नाही. त्याच्या ३.० आवृत्तीच्या १९९५ च्या मसुद्यात एक होता, तो मसुदाच बारगळला. त्यामुळं ई-बुकाच्या ई-पब फायली करणारे लिंकला ‘नोटरेफ’ आणि असाइड या बाजूच्या मजकुराच्या टॅगला ‘फुटनोट’ अशी चिठ्ठी लावून काम भागवतात, आणि चिठ्ठी विसरली की काही रीडरांत टीप चौकटीत उघडायच्या ऐवजी वाचणारा थेट पुस्तकाच्या शेपटाला जाऊन पडतो.

संभाजीनगर, डीटीपीवाला
आम्ही तर फुटनोटच म्हणताव बाबा. ऑपरेटरला टीपखूण म्हणलं तर तो शिलाई मशीन शोधंल. नाव काहीबी द्या पण सुपरस्क्रिप्टला, म्हणजे वर चढवलेल्या बारीक आकड्याला, टीप समजू नका, हे आधी मोठ्या अक्षरात लिहा पत्रकात. पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप फुटनोट नव्हत्याच, सगळे आकडे हातानं वर चढवलेले. आता ते मॅटर युनिकोडमध्ये आणून साधं पेस्ट केलं की आकडा खाली उतरतो, आणि “१७ सप्टेंबर १९४८” ला तीन नंबरची टीप असंल तर तिथं उरतं “१७ सप्टेंबर १९४८३”. हैदराबाद संस्थान कधी विलीन झालं ते मराठवाड्यात शेंबड्या पोरालाबी माहितंय म्हणून हे सापडतं, पण “शेतसारा १२५ रुपये” यातला ५ टिपेचा आहे का रकमेचा, ते कोण सांगणार? फाइंड-रिप्लेस तर आंधळंच असतंय. कुणी म्हणंल युनिकोडमधले बारीक आकडे वापरा, तर ते इंग्रजी आकड्यांचे हायत, देवनागरीचे साध्या मजकुरासाठी नाहीत. सामवेदाच्या स्वरखुणांसाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे आकडे हायत, पण त्याला हात लावू नका.

लातूर
दादा, अगदी हेच दुखणं हाय आमच्या फायलींत. कुठं आकडा, कुठं स्टार, आणि एकच टीप दोन-तीन ठिकाणी लावलेली. त्याला काय म्हणावं? आणि एका प्रकरणात ओव्या हायत, ओवीचा आकडा ॥४॥ आणि बाजूलाच टिपेचा ४, वाचणाऱ्यानं काय समजायचं?

अंबाजोगाई
एकच टीप परत लावायची तर डॉकबुकात ‘फुटनोटरेफ’ आहे, पहिल्या टिपेला आयडी द्यायचा आणि पुढं नुस्ता त्याचा हवाला. मराठीत मी तरी ‘तीच टीप’ एवढंच लिहीन, पुनर्संदर्भ वगैरे जड शब्द पोरांच्या डोक्यावरून जातात.

ओवीचा आकडा मात्र मजकुराचा भाग आहे, त्याला मोजणीत घ्यायचं नाही, जसा आहे तसा टाइप करायचा. आणि जुनी कविता असंल तर टिपांचे दोन वेगळे प्रवाह होतात, एक अर्थाच्या टिपा आणि दुसरे पाठभेद. पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ते काम पाठभेदाचंच. छापताना हे दोन्ही पानाच्या तळाला येतात म्हणून आपण दोन्हीला तळटीप म्हणून मोकळे होतो, आणि हितं तो शब्द सरळ सरळ दिशाभूल करतो. टीईआयमध्ये पाठभेदाला टीप मानतच नाहीत, त्याची वेगळी टॅगांची जोडणी आहे, त्यात धरलेला पाठ एका टॅगात आणि इतर प्रतींतला पाठ दुसऱ्या टॅगात, कोणत्या प्रतीत सापडला तेबी सोबत. आपल्याकडं ‘पाठ’ आणि ‘पाठभेद’ हे शब्द आयतेच आहेत, ते वापरा. छापताना अर्थाच्या टिपांना आकडे आणि पाठभेदांना अ, आ, इ दिलं तर ओवीशी टक्कर बरीच कमी होते.

परभणी, तपासनीस
हे सगळं टॅग लावणाऱ्यांसाठी ठीक, पण वाचकापुढं टीपखूण वगैरे नेऊ नका हो, पुस्तकात ‘तळटीप’च राहू द्या, लोकांच्या तोंडात तोच शब्द बसलाय. आणि दोन ठिकाणी पोरांना आधीच अडवा. प्रकरणाच्या नावाला टीप लावली की तिची खूण अनुक्रमणिकेत आणि पानाच्या डोक्यावरच्या ओळीतबी जाऊन बसू शकते, तिथं ती टीप पहिल्या पॅराला लावा. तक्त्याच्या आतली टीप तर तळाला जातच नाही, तक्त्याखालीच थांबते आणि तिची मोजणीबी वेगळी चालते. तिला मी ‘तक्त्याखालची टीप’ म्हणते.

लातूर
ताई, तक्त्याचं डोक्यात नव्हतंच, आमच्यात शेतसाऱ्याचे तक्ते लई हायत. शेवटचं एक, टिपांचे आकडे देवनागरीच पायजेत, लेखकाचा हट्ट हाय.

संभाजीनगर, डीटीपीवाला
हट्ट कामून, बरोबरच हाय त्यांचं. एक्सएसएलटी या स्टाइलशीटच्या भाषेत आकड्याच्या फॉरमॅटच्या जागी ‘१’ लिहिलं की पुढचे देवनागरीत मोजले जातात, सीएसएस या ई-बुकच्या स्टाइलशीटमध्ये काउंटरला (आकडे मोजणाऱ्याला) ‘देवनागरी’ सांगायचं. सगळं पुस्तक लावायच्या आधी एका प्रकरणावर चालवून बघा, तुमच्या प्रोसेसरनं साथ दिली पायजे. आणि आकडे दर प्रकरणाला १ पासून का पुस्तकभर सलग, ते लेखकाकडून आत्ताच लिहून घ्या, कारण मजकुरात कुठंतरी त्यांनीच “टीप १२ पहा” असं हातानं लिहिलेलं असणार.