पावसाळ्यात ताणलेले श्राउड दिवाळीत ढिले का पडतात?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं मॉडेल, १:६४ प्रमाणात. श्राउड (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर) सुती दोऱ्याचे, ऑगस्टमध्ये बांधले. आता हात लावला की झोळ पडतो आणि मुख्य डोलकाठी डावीकडे कललीय. सगळं सोडू का?

उत्तर १: दोरा बदला, दादा. सूत हवेतली सात-आठ टक्के ओल धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पिळाचं सूत फुगून आखूड होतं, हवा कोरडी झाली की सैल पडतं. पॉलिस्टरला मधमाशीचं मेण दोनदा चोळा आणि बोटांच्या उबेनं जिरवा, म्हणजे लव बसते.

काठी कलते ती बांधायच्या क्रमामुळे. श्राउडची पहिली जोडी उजवीकडे पुढची, दुसरी डावीकडे पुढची, मग आलटून पालटून मागे. एक बाजू आधी संपवली की काठी तिकडे ओढली गेलीच म्हणून समजा. त्याआधी पुढचा स्टे (काठीला पुढून धरणारा दोर) हलक्या ताणावर हवा. वरच्या-खालच्या डेडआयमधलं (श्राउड ताणायच्या, भोकं असलेल्या गोल चकत्यांमधलं) अंतर तारेच्या यू आकाराच्या आकड्यानं धरा, नाहीतर त्यांची ओळ वरखाली होते.

उत्तर २: रॅटलाइन (श्राउडवर आडव्या बांधलेल्या, चढायच्या दोरीच्या पायऱ्या) घाईनं बांधू नका. खऱ्या जहाजावर अंतर सुमारे ३८ सेंमी, म्हणजे तुमच्याकडे ६ मिमी. रेघा मारलेला कागद मागे लावा. मधल्या श्राउडवर क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची गाठ). गाठ ओढून घट्ट केली की श्राउड आत खेचले जाऊन कमरेत बारीक दिसतात, आणि ते नंतर सुधरत नाही. गाठीवर पातळ केलेला फेविकॉल. इन्स्टंट ग्लूनं दोरा कडक होतो, पांढरा डाग राहतो.