रूळ तयार असले तरी...

जुन्या लोकल लाइनची मेट्रो करायची म्हटली की 'रूळ आहेत, स्टेशन आहे, नुसते डबे बदलायचे' असं लोक म्हणतात, ते कागदावर ठीक. कॅनडात, माँट्रियलमध्ये आमच्या द-माँतान्य या लोकल लाइनचं नेमकं हेच केलं. २०२० च्या अखेरीस बंद केलेली लोकल लाइन विनाचालक मेट्रो होऊन उघडली थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये! मधले हिवाळे आम्ही बसच्या रांगेत काढले. फलाट नवे करावे लागले. पूर्वी बर्फाळलेले बूट घेऊन, दांडा धरून डब्याच्या पायऱ्या चढायचो. आता फलाट डब्याच्या पातळीत, मध्ये काचेची दारं. या लाइनवरचा बोगदा १९१८ चा. त्याच्या कामात शंभर वर्षांपूर्वी न उडालेली सुरुंगाची दारू अचानक उडाली, नशिबाने कुणाला काही झालं नाही.

पण सहसा कोणी न काढणारा मुद्दा वेगळाच आहे. त्याच बोगद्यातून मास्कूश या उपनगराची लोकलही शहरात यायची. बोगदा मेट्रोचा झाल्यावर तिला तो रस्ताच राहिला नाही. तिकडच्या लोकांना आता कोत-द-लिएस स्टेशनला उतरून मेट्रो पकडावी लागते. आमचं भलं झालं, पण मास्कूशकडचा ऑफिसातला सहकारी अजून माझ्याकडे बघून नाक मुरडतो.