मदत हवी आहे: भावाची शुगर टाइप २ की आणखी काही?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ खानापूरला असतो, वय ३४, अंगानं काटकुळा. गेल्या वर्षी शुगर निघाली, टाइप २ म्हणून मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू झाली. पुढे गोळ्या वाढल्या, तरी एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) १०.४. वजन उतरतंच आहे. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलंय. घरचे सगळा दोष कुंद्याला, आपल्या बेळगावी मिठाईला, देतात! (कुंदा तो सणावारीच खातो, पण ऐकतंय कोण.)

वाचलंय ते असं: टाइप २ मध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीर स्वतःच मारतं. हेच मोठेपणी सावकाश झालं तर त्याला लाडा म्हणतात. सुरुवातीला गोळ्यांवर निभतं, मग इन्सुलिन लागतं. भावाचं मला तसंच वाटतंय.

सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळतं) आणि गॅड अँटीबॉडी (शरीर त्या पेशींवर उलटलंय का ते कळतं) या तपासण्या बेळगावात होतात, की नमुना बाहेर पाठवतात? खर्च साधारण किती? मराठी बोलणारे एंडोक्रायनॉलॉजिस्ट (शुगर, थायरॉइड अशा हार्मोनच्या आजारांचे डॉक्टर) कोणाला माहीत आहेत का? काढे-चूर्णं कृपया सुचवू नका, ती आत्यानं आधीच पाठवलीत.