मदत हवी आहे : आकडेवारीची सरकारी साइट सोपी करायची आहे

नमस्कार मंडळी, मी नौपाड्यात राहतो, वेब डिझाइनर आहे. एका सरकारी खात्याची आकडेवारीची साइट नव्याने मांडायचं काम हाती आलंय. परवा आईला म्हटलं, ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या शोधून दाखव. सात क्लिकनंतर मिळाली ती आडवी स्कॅन केलेली पीडीएफ. बिचारीने मान वाकडी करून वाचली! आकडा २०११ च्या जनगणनेचा, १,१०,६०,१४८. पण त्यात पालघरही आहे, तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, हे कुठेच लिहिलेलं नाही. अशी टीप आकड्याखालीच द्यावी की नकाशावर? आणि शोधताना तुम्ही आधी काय टाकता, तालुका की विषय? एक्सेल फाइल युनिकोडमध्ये देणारच आहे. जुन्या फाँटातलं मराठी कॉपी केलं की नुसती गिचमिड येते.